हत्ती की रेडा

फोंड्यात कौलारू घरात राहणाऱ्या माणसाला मे महिन्यात कोणी "कसे आहात?" म्हणून विचारत नाही. "नळे परतले?" एवढंच विचारतात. वरच्या बाजारात विचारतात, तिस्कावर स्कूटर थांबवून विचारतात, कवळ्याला शांतादुर्गेसमोर हात जोडून उभे असलो तरी शेजारचा एक डोळा उघडून विचारतो. "परतले" म्हटलं की त्याचा चेहरा पडतो, कारण त्याचे राहिलेले असतात. "अजून नाही" म्हटलं की तो खुलतो, "मृग तर आलाच" असं ऐकवतो आणि उरलेलं दर्शन समाधानाने घेतो.

कौल मंगळुरी असो की जुनं अर्धगोल, आमच्याकडे दोघांनाही नळेच म्हणतात. ते परतायचे म्हणजे छपरावर चढून एकेक कौल उचलायचं, त्यावरचं शेवाळ खरवडायचं, खाचांतला पाचोळा काढायचा, फुटकं असेल ते बदलायचं, खालची रीप हाताने दाबून पाहायची आणि सगळं पुन्हा जिथल्या तिथे बसवायचं. देशावरची मंडळी आमच्याकडे डिसेंबरात येतात, ओटीवर टेकून वर बघतात आणि "काय थंड वाटतं हो कौलाखाली!" म्हणतात. त्यांना जुलैत बोलवावं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच उरकून घेतो. इतकं पाणी डोक्यावरून जाणार असताना, आपल्या आणि त्याच्या मध्ये फक्त बोटभर जाडीची भाजलेली माती आहे, हा विचार रात्री तीन वाजता फार स्पष्ट होतो.

नळे परतायला मेस्त लागतो. मेस्त आहे, फोन नंबर आहे, फोन लागतोही. त्यावर मंगेशाची आरती पूर्ण ऐकू येते आणि मग मेस्त म्हणतो, "फाल्यां येतां, बाब." हे तो अत्यंत प्रामाणिकपणे म्हणतो. त्या क्षणी त्याला खरोखरच उद्या यायचं असतं. अडचण अशी की आख्ख्या अंत्रुज महालाला त्याने तोच उद्या दिलेला असतो. पूर्वी प्रत्येक वाड्यावर नळे परतणारे दोघे-चौघे तरी असत. आता त्यांची मुलं वेर्ण्याच्या कारखान्यांत नाहीतर बोटीवर आहेत, आणि साठी ओलांडलेल्या मेस्ताला छपरावर चढवताना खाली उभं राहिलेल्या आपल्यालाच घाम फुटतो.

तो येतो तोही न सांगता, आणि नेमका हिने अंगणात सोलं वाळत घातलेल्या दिवशी. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सगळी तयारी उन्हात पसरलेली असते: सोलं, फणसाची साठं, चिंचेचे गोळे. मेस्त पहिलं कौल उचलतो आणि चुलीच्या जमान्यापासून वर जमलेलं काजळ सावकाश खाली उतरायला लागतं. ही खालून ओरडते. मेस्त वरून म्हणतो, "वयनी, हांव किते करूं? धुंवर तुमचोच." यावर उत्तर नसतं.

मात्र तो वर चालायला लागला की बघत राहावं. अनवाणी, काष्टी मारलेली, तोंडात पान. पाऊल कौलाच्या मध्यावर कधीच पडत नाही. जिथे वरचं कौल खालच्यावर चढलेलं असतं आणि खाली रिपेचा आधार असतो, नेमकं तिथेच पडतं. रीप दिसत नसते, पण ती कुठे आहे हे त्याच्या तळव्यांना ठाऊक असतं. एखाद्या कौलाबद्दल शंका आली तर ते डाव्या हातावर तोलून धरतो आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारतो. धड कौल खणकन वाजतं. तडा गेलेलं, वरून कितीही अखंड दिसो, भद्द बोलतं. तडा डोळ्याला दिसायच्या आधी त्याच्या कानाला कळलेला असतो. इथे डॉक्टर लोक तपासण्यांची यादी लिहून देतात, हा टिचकीवर भागवतो.

गळती शोधणं हे मात्र टिचकीचं काम नाही. नवख्यांना वाटतं की थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असणार. तसं कधीही नसतं. पाणी आत शिरतं आढ्याजवळ, रिपेवरून आडवं सरकतं, वाशाला भेटतं, वाशाच्या पोटाखालून चार-पाच हात उतरतं आणि लाकडाला जिथे गाठ असेल तिथे विचार बदलून खाली पडतं. आमच्याकडे ते पाहुण्यांच्या खुर्चीवर पडतं. त्यामुळे गेल्या पावसात आमच्या घरात एक चौकशी समितीच बसली. आईचं म्हणणं, माकडांनी कौल सरकवलं. हिचं म्हणणं, शेजारच्या माडाचा नारळ पडला. शेजाऱ्यांचं म्हणणं, आमच्या माडाचा नारळ असा आडवा पडूच शकत नाही, तुमच्या मांजराचे उद्योग बघा. मांजर त्या वेळी खुर्चीखाली कोरड्या जागी झोपलेलं होतं आणि त्याने निवेदन दिलं नाही.

मेस्त वर गेला. बराच वेळ काही बोलला नाही. मग एक कौल उचलून आम्हाला दाखवलं. धड होतं, खणखणीत. "नळो बरो आसा," तो म्हणाला, "कोयर चड जाला." मंगळुरी कौलाच्या कडेला पाणी वाहून जायला खाच असते. त्या खाचेत आंब्याची पानं कुजून घट्ट बसली होती, त्यावर माती धरली होती, मातीत काहीतरी उगवलंही होतं. पाण्याला सरळ वाट मिळेना, म्हणून ते काठ ओलांडून आत येत होतं. म्हणजे माकड निर्दोष, नारळ निर्दोष, मांजर तर निर्दोषच. दोष आमच्याच आंब्याचा, ज्याच्या सावलीची आम्ही पाहुण्यांपुढे स्तुती करतो.

अशा वेळी सल्ला देणाऱ्यांना ऊत येतो. "पत्रे घाला" हा सर्वांत लोकप्रिय. निळे किंवा लाल पत्रे, एका दिवसात काम, पुढे ताप नाही. ताप नाही हे खरं नाही. मे महिन्यात पत्र्याखाली तापच असतो, आणि पावसात माजघरातल्या माणसाशी बोलायचं तर फोन करावा लागतो. दुसरा सल्ला, "स्लॅब घाला." फोंड्यात स्लॅबची घरं भरपूर आहेत. काही वर्षांनी स्लॅब पाझरतो, म्हणून त्यावर पत्रा येतो. पत्रा तापतो, म्हणून खाली पंखा वाढतो. आणि मालक संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसतात, कारण आमच्याकडे गार वाटतं. हल्लीच्या बंगल्यांत तर उतरता स्लॅब ओततात आणि वर शोभेला कौलं चिकटवतात. पाऊस अडवायची जबाबदारी त्या कौलांवर नसते. ती नुसती फोटोत येतात. तिसरा सल्ला डांबराचा. तडा गेला की डांबर फास, वर कापडाची पट्टी बसव, पुन्हा डांबर. आमच्या वाड्यावर एकाने हा प्रयोग केला. एप्रिलच्या उन्हात डांबर पाघळलं आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत अशी काळी रेघ उतरली की पोस्टमन आता त्या घराचा पत्ता रेघेवरूनच सांगतो.

डांबराचं छप्पर मुळी जगात नाहीच असं मात्र नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या घरावर शिंगल्स आहेत: काचतंतूंच्या चटईवर डांबर, त्यावर दगडी कण दाबून बसवलेले, आणि असे पट्टे एकावर एक खिळ्यांनी ठोकलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला डांबरी छपराची गुंडाळी कापून असे तुकडे करायची कल्पना निघाली, आणि आता तिकडच्या बहुतेक घरांवर तेच दिसतात. गेल्या वसंतात वाऱ्याने त्याचे दोन-चार पट्टे उचकटले. त्याने स्वतः दुरुस्ती केली आणि आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली. नेमका तेव्हा मेस्त चहाला खाली उतरलेला. तोही बशी हातात घेऊन फोनसमोर बसला.

भाचा कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, डोक्यावर हेल्मेट अशा थाटात. "मामा, वरचा पट्टा खालच्याला चिकटलेला असतो. चपटी पहार घालून तो आधी हलकेच सोडवायचा. मग खराब पट्ट्याचे खिळे काढायचे. पण त्याच्यातून वरच्या ओळीचेही खिळे गेलेले असतात, तेही काढायचे. मग नवा सरकवायचा, खिळे ठोकायचे, आणि कडेखाली डांबरी सिमेंटचा ठिपका द्यायचा. फार ऊन असेल तर पट्टा मऊ होऊन फाटतो, फार थंडी असेल तर मोडतो. म्हणून हवा बेताची बघायची."

मेस्ताने चहाची बशी खाली ठेवली. "नळ्याक खिळो?"

"हो, नाहीतर वाऱ्याने उडतील."

"मागीर काढपाचो कसो?"

भाच्याने सांगितलं की वीसेक वर्षांनी सगळंच काढतात, ट्रकात भरतात आणि नवं घालतात. मेस्ताने एकदा माझ्याकडे, एकदा आमच्या छपराकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळू विचारलं, "ताका थंय पगार बरो मेळटा मू?" भाच्याच्या गावी वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिन्यांत वाटून, हे मी त्याला सांगितलं. त्यावर त्याचं समाधान झालं. तेवढ्याला खिळे चालतील, म्हणाला.

आमच्या कौलाला खिळा लागत नाही. त्याच्या पोटाला खाली दोन बारके दात असतात. ते रिपेत अडकतात, कडेच्या खाचा शेजारच्याला धरतात, आणि बाकी काम वजनाचं. रिपा माडीच्या, म्हणजे पोफळीच्या, आमच्याच कुळागरातल्या. ही युक्ती मूळची फ्रान्सकडची, अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंची. आपल्याकडे ती बासल मिशनच्या मिशनऱ्यांनी आणली. गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू इथे नेत्रावतीच्या काठी कारखाना घातला. पाठोपाठ मंगळुरात इतरांचेही कारखाने निघाले आणि ती कौलं गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पोचली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले. कौलं मात्र ज्याच्या त्याच्या घरावर तशीच राहिली. धर्मप्रसार किती झाला ते मिशनने पाहावं, पण फोंड्यातल्या हिंदूंची देवघरं पिढ्यान् पिढ्या कोरडी राहण्यात त्यांच्या युक्तीचा हात आहे, हे मान्य करायला हवं.

आता खरी अडचण. प्रत्येक कारखान्याच्या खाचा वेगळ्या. दिसायला सगळी कौलं सारखी, पण एकाचं दुसऱ्यात बसेलच असं नाही. सुतभर फरक असला तरी फट राहते, आणि पावसाला सुतभर पुरतं. म्हणून फुटक्या कौलाच्या जागी त्याच छापाचं कौल लागतं. ते शोधणं म्हणजे जुन्या काळची सोयरीक. घराणं बघायचं, गाव बघायचं, अंगाची मापं आडून विचारायची, मुलगी पसंत पडली तरी शेवटी कुंडली अडते. मी फुटक्या कौलाचा तुकडा पिशवीत घेऊन खडपाबांधपासून म्हार्दोळपर्यंत हिंडलो आहे. लोक तो हातात घेतात, उलटा करतात, डोळ्यांजवळ नेतात आणि म्हणतात, "आमच्याकडे मोर आहे."

मोर म्हणजे कौलामागचा कारखान्याचा शिक्का. आमच्याही कौलामागे शिक्का आहे, पण शंभर पावसांनी तो पुसट केलेला. खाली "मँगलोर" ही इंग्रजी अक्षरं कशीबशी लागतात. वर एक जनावर आहे. आई म्हणते हत्ती. मेस्त म्हणतो रेडा, कारण सोंड म्हणतात ते त्याच्या मते शिंग आहे. एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी भिंग लावून पाहिलं आणि मग आदिलशाहीपासून सुरुवात करून आम्हाला १५६० सालच्या सफा मशिदीच्या कौलारू छपरापर्यंत आणून सोडलं. जनावर राहिलंच. सफा मशिदीचं बरं आहे, ती पुरातत्त्व खात्याकडे आहे. आमचं छप्पर माझ्याकडे आहे.

त्यामुळे आता थेट विनंती. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही जुनं घर पाडायला निघालं असेल तर जेसीबी लावण्याआधी कौलं उतरवून घ्या. ती भरावात घालू नका. अंगणात उभी रचून ठेवा, एकावर एक आडवी नको, खालची फुटतात. आणि उतरवताना एक उलटं करून बघा. मागे हत्ती असेल किंवा रेडा असेल तर मला दोन्ही चालतील. साठेक पुरे. टेम्पोचं भाडं माझं, चढवणाऱ्यांचा चहा माझा, आणि मेस्त उद्या येणार आहे.