स्वस्त वीज, पण किती वाजता?

सौर आणि पवन एकत्र असलेल्या हायब्रीड प्रकल्पांचा देशातला पहिला मोठा लिलाव डिसेंबर 2018 मध्ये झाला आणि भाव निघाला युनिटला 2 रुपये 67 पैसे. तेव्हापासून प्रत्येक लिलावाची बातमी एकाच आकड्यावर संपते: युनिटचा भाव. हा आकडा खोटा नाही, अपुरा आहे. वीज किती वाजता मिळणार, हे त्यात कुठेच नसतं.

केंद्राच्या 2018 च्या धोरणानुसार एका स्रोताची क्षमता दुसऱ्याच्या किमान 25 टक्के असली की प्रकल्प हायब्रीड ठरतो. म्हणजे 100 मेगावॉट सौरला 25 मेगावॉट पवनचक्क्यांची जोड दिली, की झालं. सूर्य मावळल्यावर मात्र हातात उरतात त्या 25 मेगावॉटच्या पवनचक्क्या, आणि त्याही वारा असेल तर.

या जोडीत दम आहे, हे नक्की. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री तालुक्यात पवनचक्क्या जोरात फिरतात त्या पावसाळ्यात, नेमक्या आभाळ भरून सौरची वीज घटते तेव्हा. शिवाय दिवसा सौर आणि रात्री वारा एकाच उपकेंद्रातून, एकाच वाहिनीवरून गेला तर पारेषणाचा खर्च विभागला जातो. पण पावसाळा सरला की वारा पडतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य जातो आणि घरोघरी दिवे लागतात. प्रकल्पाचा कस लागतो तो या तासांना.

या तासांची किंमत आपल्याला माहीत नाही असंही नाही. जानेवारी 2020 च्या लिलावात गर्दीच्या सहा तासांची वीज वेगळी मोजली. इतर वेळचा भाव 2.88 रुपये बांधून दिलेला होता. गर्दीच्या वेळेसाठी विजेत्या कंपन्यांनी 6.12 आणि 6.85 रुपये मागितले. दुपटीहून जास्त. कारण ही वीज साठवून द्यावी लागते.

त्याच वर्षी मे महिन्यात चोवीस तास विजेचा लिलाव झाला. बातमी आली 2 रुपये 90 पैशांची. हा भाव होता पहिल्या वर्षाचा! पंधराव्या वर्षापर्यंत त्यात दरसाल 3 टक्के वाढ धरलेली होती, म्हणजे तोवर तो 4.39 रुपयांच्या आसपास जातो. आणि करार 400 मेगावॉटचा असताना कंपनीची आखणी होती 900 मेगावॉट पवन आणि 400 मेगावॉट सौर, म्हणजे एकूण 1300. भरवशाची वीज द्यायची तर करारापेक्षा तिपटीहून जास्त यंत्रं उभी करावी लागतात. व्यवहार्यता तपासताना पहिल्यांदा पाहायला हवा तो हाच आकडा.

आता बॅटरीने हिशेब बदलला आहे. ऑगस्ट 2022 मध्ये दोन तासांच्या साठवणीला मेगावॉटमागे महिन्याला 10 लाखांहून जास्त भाडं पडत होतं. सरकारी अनुदान धरून ते 2024 च्या अखेरीस अडीच लाखांच्या खाली आलं. उलट, आंतरराज्य पारेषण शुल्काची पूर्ण माफी 30 जून 2025 नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांना नाही. राजस्थानातून येणाऱ्या स्वस्त विजेचं जुनं गणित त्यामुळे पुन्हा मांडावं लागेल. कालचा ‘परवडत नाही’ आणि कालचा ‘परवडतं’, दोन्ही शेरे शिळे झालेत.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदर ठरवताना लोकांच्या सूचना-हरकती मागवतो, आणि त्या दरात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचाच असतो. पुढच्या वेळी हरकत लिहाल तेव्हा एवढं मागा: प्रत्येक हायब्रीड कराराचा महिनावार, तासवार तक्ता जाहीर करा, आणि डिसेंबरच्या संध्याकाळी सात वाजता त्यातून किती मेगावॉट मिळणार ते लेखी द्या.