जमतंय की!

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करणारा तालुक्यातला प्रत्येक माणूस माझ्या काचेवरून पुढे जातो. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. कुठला कागद राहिलाय ते मी अर्जदाराच्या चेहऱ्यावरून सांगतो. शाखेतले भाऊसाहेबसुद्धा अपुरा अर्ज आला की खिडकीतून ओरडतात, "आधी समोरच्या झेरॉक्सवाल्याला दाखवून आण." अशा माणसाचा स्वतःचाच अर्ज नामंजूर झाला, ही बातमी गावभर पसरायला एक कटिंग चहा पुरला.

माझा उजवा पाय मी दीड वर्षाचा असताना पोलिओने नेला. नेला म्हणजे जागेवरच ठेवला, फक्त वाढायचं काम त्याने सोडून दिलं. १९८४ साली कॉलेजच्या सवलतीसाठी मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन प्रमाणपत्र आणलं. डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, निळ्या शाईने '४५ टक्के' लिहिलं आणि गोल शिक्का मारला. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी पुढची कितीतरी वर्षं जपला. त्याच्या घड्या फाटल्या, शिक्का पुसट झाला, पण टक्के हलले नाहीत.

मग हाताने लिहिलेली प्रमाणपत्रं चालेनाशी झाली. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करा, पुन्हा तपासणी करून घ्या, मग यूडीआयडी कार्ड मिळेल आणि मग अर्ज. मी नोंदणी केली. बुधवारी बोर्ड बसतं म्हणून बुधवारी गेलो. धुतलेला शर्ट, इस्त्रीची पँट, भांग पाडलेला. सौ. म्हणाली, "मुलगी बघायला निघालात का?"

इथे एक खुलासा करायला हवा. माझ्या पँटच्या उजव्या खिशाला आतून अस्तर नसतं, आमच्या शिंप्याला ते माहीत आहे. खिशात हात घालून मी मांडी आतून दाबून धरतो, म्हणजे पाऊल टाकताना गुडघा दगा देत नाही. लोकांना वाटतं, काय ऐटीत चालतोय. आईने लहानपणापासून एकच धोशा लावला होता, "लंगडू नकोस रे, लोक बघतात." खिशाची युक्ती मी नववीत असताना शोधली आणि त्या युक्तीवर कॉलेज केलं, नोकऱ्या मागितल्या आणि खरोखरच मुलगीही बघून आलो. तिच्या घराला दोन जिने होते. मी ते असे चढलो की सासऱ्यांनी चप्पल कुठे घेतली म्हणून विचारलं. सौ.चं म्हणणं, तिला पहिल्या पायरीलाच कळलं होतं. ते तिने लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं.

तर बोर्ड. डॉक्टर तरुण होते आणि फार सभ्य होते, घोटाळा तिथेच झाला. आधी त्यांनी टेबलावर झोपवून स्नायूंची ताकद पाहिली, सांधे वळवून पाहिले. तिथे माझं काही चाललं नाही. पुढे स्थैर्याची तपासणी आली. खालच्या अवयवांसाठी नऊ कसोट्या असतात आणि प्रत्येकीला १० गुण असतात: सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघ्यांवर बसणं आणि चालता चालता वळणं. जे जमत नाही त्याचे गुण मिळतात. हे मला ठाऊक होतं. अहो, त्या तक्त्याच्या मी शेकडो प्रती काढल्यात.

"काका, जिना चढायला जमतं?"

"जमतंय की!"

तोंडातून गेलंच. हात खिशात होता आणि मी चढूनही दाखवला. मांडी घालायला सांगितली, तर उजवा पाय हाताने उचलून असा बेमालूम डाव्यावर ठेवला की पंगतीत बसलोय असं वाटावं. उकिडवं बसायला सांगितलं तेव्हा मागच्या खुर्चीचा आधार पाठीवर घेतला आणि वर हसलो. डॉक्टर म्हणाले, "वा, या वयातही छान मेन्टेन केलंय!" मी त्यांचे आभार मानले. नऊच्या नऊ कसोट्यांत मी शून्य गुण मिळवून दाखवले आणि परतीच्या एसटीत कॉलर ताठ करून बसलो.

निकाल आला. ३६ टक्के.

शाळेत ३५ला पास करतात. इथे योजनेसाठी ४० लागतात, म्हणून ३६ असूनही मी नापास. एका अर्थी बरोबरच आहे, शासनाचा आणि माझा अखेर छत्तीसचा आकडा जुळला. ज्या पायाला पोलिओनंतर एक इंच वाढता आलं नाही, तो आपणहून नऊ टक्क्यांनी सुधारला. शेजारचे मास्तर म्हणाले, "अपंग होता तेव्हा पंचेचाळीस होता, दिव्यांग झालात आणि छत्तीसवर आलात. शब्दाचा गुण आहे."

कार्ड आलं ते पांढरं. यूडीआयडीत ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८०च्या मध्ये पिवळं आणि ८०पासून पुढे निळं. आपल्याकडे रेशनकार्डातही पिवळं गरिबाचं आणि पांढरं खात्यापित्या घरचं. दोन्ही खाती एकमेकांना न विचारता इतकी एकमताने वागल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. माझ्या दुकानात बसून माझं उत्पन्न सिद्ध करायला तलाठी भाऊसाहेबांना पाच मिनिटं लागली होती. पाय सिद्ध करणं मात्र मला जमलं नाही.

समितीचं पत्र आलं: 'दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने अर्ज नामंजूर.' त्याची प्रत मी स्वतःच काढली. कडा सरळ आल्या होत्या.

त्या दिवसापासून दुकानासमोर नाट्यशिक्षण शिबिर भरलं. चहावाला म्हणाला, पुढच्या वेळी काठी घेऊन जा. रिक्षावाला म्हणाला, दोन काठ्या घ्या. निराधारच्या रांगेतल्या एका आजींनी तर प्रात्यक्षिकच दाखवलं. धडधाकट चालत आल्या, माझ्या काउंटरपाशी कमरेत वाकल्या, कण्हल्या आणि म्हणाल्या, "आसं. डाक्टर बस म्हणला, तर बसवत न्हाई म्हणायचं. तू हासतोस कशाला मेल्या?" आजींना पायाचं काही झालेलं नव्हतं, त्या विधवा म्हणून आल्या होत्या. हे सगळं त्या निव्वळ कलेच्या ओढीने करत होत्या.

मला सोंग जमणार नव्हतं. पण रात्री पँट खुंटीला लावताना उजवा खिसा दिसला आणि लक्षात आलं, सोंग तर मी नववीपासून करतोय.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यातलं कलम ५८ प्रमाणपत्राचं आणि कलम ५९ त्याविरुद्धच्या अपिलाचं. मी अपील लिहिलं. पहिल्या मसुद्यात मी डॉक्टरांची बाजू इतकी मांडली होती की सौ.ने वाचून विचारलं, "हे त्यांच्या वतीने केलंय का?" दुसऱ्या मसुद्यात १९८४चा कागद जोडला, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि एकच वाक्य लिहिलं: तपासणीच्या वेळी मी हाताचा आधार घेत होतो, त्याची नोंद झालेली नाही. सगळ्या मिळून ४६ प्रती झाल्या. सौ.ने त्याचे ९२ रुपये माझ्याकडून गल्ल्यात टाकून घेतले. धंदा तो धंदा.

अपिलाच्या बोर्डात वयस्कर बाई होत्या. त्यांनी फाइल वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हात खिशातून काढा आणि चाला."

पन्नासेक वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हात काढला. तो कुठे ठेवायचा तेच कळेना. चार पावलं गेलो आणि पाचव्याला टेबल धरलं.

"उकिडवं बसता येतं?"

'जमतंय' ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं. "नाही."

"घरी संडास कुठला?"

"कमोड. २००३ साली बसवला."

"मग मागच्या वेळी का बसलात?"

"डॉक्टर चांगले होते हो."

बाईंनी मान खाली घालून लिहिलं. स्थैर्याचे मला २० गुण मिळाले. ३६ आणि २० मिळून ५६ होतील असं माझं शाळेतलं गणित, पण बोर्डाची बेरीज वेगळी असते. मोठा आकडा ९०मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचं, ९०ने भागायचं आणि येईल ते मोठ्यात मिळवायचं. ९०मधून ३६ गेले, ५४ उरले. ५४ गुणिले २० भागिले ९०, म्हणजे १२. छत्तीस आणि बारा, अठ्ठेचाळीस. हे गणित मी एसटीत तिकिटाच्या मागे तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा बरोबर आलं.

पिवळं कार्ड पोस्टाने आलं. अर्ज पुन्हा समितीपुढे गेला आणि मंजूर झाला. सौ.ने शिंप्याला सांगून नव्या पँटला दोन्ही खिशांना अस्तर लावून घेतलं. उजवं मी आठवड्यात उसवलं. बाजारात गर्दी असते.

अपील करणाऱ्यांनी कचेरीतून पोच घ्यायला विसरू नये. झेरॉक्स एका पानाला दोन रुपये. पांढरं कार्ड दाखवलं तर फुकट.