विडीला खाच नाही

नगरकराला (2024 पासून कागदावर अहिल्यानगरकर, तोंडात अजून नगरकरच) रोल्स-रॉईस पाहायला मुंबई गाठावी लागत नाही. फराहबागेजवळच्या रणगाडा संग्रहालयात चिलखती सिल्व्हर घोस्ट उभी आहे. तिच्यात धूर काढायचं काम मशीनगनकडे होतं. बिनचिलखती रोल्स-रॉईसमधल्या साहेबांना मात्र सिगार लागे, म्हणून कंपनीने मागच्या सीटलाही ॲशट्रे आणि लायटर दिला. राख गालिच्यावर पडलेली साहेबांना खपत नसे.

आमच्या जिल्ह्यात ही चैन ॲम्बॅसडरमधून आली. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची पांढरी गाडी, सीटवर टॉवेल, डॅशबोर्डात ॲशट्रे. त्यात राख नावापुरती. सुपारीची खांडं, बडीशेप, सभासदाच्या अर्जाचा बोळा, आणि शिर्डीच्या बाबांच्या फोटोपुढची उदबत्ती त्यातच खोचलेली. विलायती सोयीचं याहून पवित्र काही झालं नसतं.

अन्याय झाला तो विडीवर. संगमनेरात बायकांच्या पिढ्यांनी तेंदूच्या पानात तंबाखू वळला. त्या विडीचा स्वभाव मानी: गप्पांच्या नादात झुरका चुकला की विझते. सिगारेटला काडी एकदा, विडीला दर चार वाक्यांनी. म्हणजे लायटरची खरी गरज कुणाला होती? पण डॅशबोर्डातला तो लाल तापणारा खटका सिगारेटवाल्यांसाठी राखीव. विडीवाला गाडीबाहेर, तोही बहुधा ड्रायव्हर, वाऱ्याला पाठ करून काडी ओढत उभा.

पुढे तेच 12 व्होल्टचं भोक मोबाईल चार्ज करू लागलं. आता कोट्यवधींच्या जर्मन गाडीतही ॲशट्रे हवा तर ‘स्मोकर पॅकेज’ म्हणून मागवावा लागतो. आमचे नेते मागवत नाहीत. हातात सिगारेट दिसली की कार्यकर्ताच फोटो काढतो. त्यापेक्षा तळहातावर मळलेला तंबाखू बरा, धूर नाही की पुरावा नाही.

इथे जर्मन इंजिनिअरची अक्कल थांबते. सीट पाठ चोळून देते, दिवे रंग बदलतात. पण चुन्याच्या डबीला खाच नाही, पिंक टाकायला भांडं नाही. जिल्ह्याने या दोन वस्तूंसाठी ठराव करून थेट स्टुटगार्टला धाडावा, असं माझं मत आहे.

तोवर बटण दाबलं की काच सरसर खाली येते. मागच्या दुचाकीवाल्यांनी अंतर ठेवावं.