नखाएवढी बचत

चंद्रपूरच्या तुकूममधल्या आमच्या ओळीत सध्या एकच बातमी गाजते आहे: पल्याडच्या वहिनींनी पार्लर सोडलं. भांडण वगैरे काही नाही, नुसता हिशेब. जेल पॉलिश एकदा केलं की दोन-तीन आठवडे टिकतं, मग मुळाशी नख वाढून उघडं दिसायला लागतं आणि पुन्हा जा. दर वेळी पाचशे-सातशे जाणार, जुनं काढायचे वेगळे, आणि घरी "कुठं गेली होती?" याचं उत्तर द्यायचं ते आणखी वेगळं. वहिनींनी मोबाइलवरून लॅम्प मागवला, बाटल्या मागवल्या, आणि आता दुपारची जेवणं आटोपली की त्यांच्या मागच्या ओट्यावर जांभळट उजेड दिसतो. शेजारच्या काकूंना आधी वाटलं, डास मारायचं यंत्र आणलं.

आमच्या तिघींच्या घरांमध्ये छातीएवढ्या दोन भिंती आहेत. गप्पांना उन्हाळ्यात कुरड्या-सांडगे वाळत घालायचं निमित्त पुरतं.

"काय करून राहिली व? रंग लावाले लाइट कायले लागते?" काकूंनी भिंतीवर कोपर टेकवून विचारलं.

"लाइटाशिवाय हे वाळतच नाही, काकू."

"आमच्या वेळी फुंकर मारली का वाळे. महाकालीच्या जत्रेत बांगड्या भरायच्या अन् नेलपॉलिशची एक शिशी घ्यायची. वर्षभर पुरे."

काकूंचा प्रश्न मात्र नेमका होता. साध्या पॉलिशमधलं द्रावण उडून जातं आणि मागे रंगाचा पापुद्रा राहतो, म्हणून फुंकर चालते. जेलमध्ये उडून जाण्यासारखं फारसं काही नसतंच. त्यात अ‍ॅक्रिलेट जातीची रसायनं असतात. लॅम्पमधले अतिनील किरण लागले की त्यांचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि थर घट्ट होतो. किरण मिळाले नाहीत तर रात्रभर पंख्याखाली बसा, बोट चिकटच राहणार.

"म्हंजे दातात सिमेंट भरतात तसं," काकू म्हणाल्या. "माह्या दाढेत भरलं तवा डॉक्टरनं तोंडात निळा लाइट धरला होता."

अगदी तसंच. दाताचं ते भरण आणि नखाचं हे जेल रसायनांच्या एकाच घराण्यातलं. काकू सहज बोलून गेल्या, पण या घराण्याची गोष्ट पुढे त्यांच्या गुडघ्यापर्यंत जाणार होती.

वहिनींची बचत कुठं बरोबर आणि कुठं नाही, यावर आमचा पुष्कळ काथ्याकूट झाला. रंगाच्या बाटल्या त्यांनी दोनच घेतल्या, हे बरोबर. टिकाऊपणा रंगात नसतोच. तो खालच्या बेसचा आणि वरच्या टॉप कोटचा. नखाभोवती लावायचं खास तेल म्हणून चिमुकली शिशी मिळते, ती त्यांनी घेतली नाही, घरचं खोबरेल वापरलं. बरोबर. काढताना बोटांना लावायच्या तयार टोप्या विकत मिळतात, त्याऐवजी पोळ्या गुंडाळायची फॉइल कापून घेतली. तेही बरोबर.

लॅम्पवर मात्र आमचं जमलं नाही. वहिनींचं म्हणणं, "ताई, हा एलईडी आहे, यात ते अतिनील वगैरे नसते." असतं. एलईडी असो की जुना ट्यूबचा, दोन्हीकडे काम यूव्ही-ए जातीचे किरणच करतात. एलईडीत वेळ कमी लागतो, एवढाच फरक. जुन्या दिव्यात एका थराला दोन मिनिटं, तर यात अर्ध्या-एक मिनिटात काम होतं. खोक्यावर वॉटचा आकडा मोठा छापलाय म्हणून दिवा चांगला, हेही खरं नाही. जेलमधलं जे रसायन किरणांनी जागं होतं, त्याला ठरावीक तरंगलांबीचेच किरण लागतात. दिवा एका कंपनीचा आणि बाटली तिसरीच, असं झालं की वरून थर टणक दिसतो आणि आतून कच्चा राहतो. म्हणून लॅम्प आणि बाटल्या एकाच कंपनीच्या घ्याव्या, चार पैसे जास्त गेले तरी. स्वस्तातलं घेतलं म्हणून कोणी हसणार नाही, पण वेगवेगळ्या ठिकाणचं स्वस्त एकत्र करू नये.

थर जाड लावला की काय होतं, ते वहिनींच्या तोंडूनच ऐकलं. दिव्याखाली हात घातला आणि "आई गं!" ही हाक तिसऱ्या घरापर्यंत गेली. जेल घट्ट होताना उष्णता सुटते. थर जितका जाड, तितकी जास्त. पातळ थर, दोनदा. चटका बसला तर हात लगेच बाहेर काढायचा, पार्लरवालीसमोर दाखवतो तसा शूरपणा घरी दाखवायची गरज नाही.

त्यात आपलं चंद्रपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेव्हा जेलही पातळ होतं आणि नखावरून कडेच्या कातडीवर ओघळतं. ओट्यावर बसून लावायचं म्हणजे आणखी एक गंमत: उन्हातही तेच अतिनील किरण असतात. वहिनी झाकण उघडं ठेवून दारावर आलेल्या भाजीवाल्याशी भाव करायला गेल्या. आल्या तोवर कुंचल्याचे केस एकमेकांना चिकटून काडीसारखे ताठ. बाटली फेकावी लागली आणि भाजीत वाचवलेले दहा रुपये कुठल्या कुठं गेले. हे काम घरात, पडदा ओढून, कूलरसमोर. बाटल्या खिडकीत मांडू नयेत, कितीही छान दिसल्या तरी.

टॉप कोट झाल्यावरही नखावर थोडी चिकट साय राहते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे सर्वांत वरचा थर पुरता जमत नाही, म्हणून. ती बोटानं चाचपायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसायची. वहिनींनी माहेरी गडचिरोलीला गेल्यावर औषधाच्या दुकानात नुसतं "अल्कोहोल द्या" म्हटलं. तिथं १९९३ पासून दारूबंदी! दुकानदारानं आधी वहिनींकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या भाऊजींकडे. भाऊजी अजून ही गोष्ट निघाली की उठून आत जातात. आपल्याकडेही २०१५ ते २०२१ बंदीच होती. तेव्हा हे नखांचं वेड लागलं असतं तर अर्ध्या चंद्रपूरनं घरोघरी मॅनिक्युअर चालू केलं असतं, असं माझं मत आहे.

वहिनींच्या भाचीचं नखांचं दुकान तर पेटीतच असतं. ती झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते. दिवाळी झाली की वडशाहून मंडळी निघतात, आज या गावात तर उद्या त्या गावात, रात्रभर नाटक. मधे पार्लर कुठं शोधणार? राणीची भूमिका आणि नखांचे टवके उडालेले, हे पहिल्या रांगेतल्या बायांच्या नजरेतून सुटत नाही. तिनंच वहिनींना काढायची नीट रीत शिकवली: वरची चकाकी कानशीनं हलकेच घासायची, नखाभोवती खोबरेल लावायचं, अ‍ॅसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग जेल आपोआप सुटतं. अ‍ॅसिटोन नसलेलं साधं रिमूव्हर यावर चालत नाही. आणि अ‍ॅसिटोनची वाफ लगेच पेट घेते, तेव्हा गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ हे करायचं नाही. वहिनी वरण शिजतं तोवर स्वयंपाकाच्या ओट्याशी बसून काढणार होत्या. काकूंनी तिथून उठवलं, हे काकूंचे उपकार.

ओरबाडून काढलं तर जेलसोबत नखाचे पापुद्रेही निघतात. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं; खराब झालेलं पूर्ण निघून जायला चार-सहा महिने जातात. तोवर लपवायला पुन्हा जेल, म्हणजे बचत संपली.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग काकूंनी त्यांच्या पुतणीचं सांगितलं. पोट्टी बल्लारपूरची, घरीच करायची, मैत्रिणींचंही करून द्यायची. आधी नखाच्या कडा खाजायला लागल्या, मग बोटांची टोकं सोलली, मग पापण्यांवर पुरळ. पापण्यांचा नखांशी काय संबंध, म्हणून घरच्यांनी काजळ बदललं, साबण बदलला. हात दिवसभर डोळ्यांना लागतात, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

ही अ‍ॅलर्जी आहे, आणि ती कच्च्या जेलची आहे. पुरतं जमलेलं जेल सहसा त्रास देत नाही. कातडीवर ओघळलेलं, अर्धवट जमलेलं, बोटानं पुसलेलं देतं. नावं घ्यायची तर हेमा हे रसायन त्यात पुढे असतं. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच याबद्दल इशारा दिला होता, घरी वापरायच्या किटचं नाव घेऊन. युरोपीय संघानं हेमा असलेलं नखांचं सामान फक्त व्यावसायिकांसाठी ठेवायचा नियम २०२० मध्ये केला, आणि जेलला किरणांनी जागं करणारं टीपीओ नावाचं रसायन तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच आहे. एकदा ही अ‍ॅलर्जी अंगात बसली की बहुधा जन्मभर राहते.

"राहू दे, नखं नाही रंगवली तर काय मरते?" काकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय ना? सांधा बसवताना हाडात जे सिमेंट भरतात, तेही याच घराण्यातलं. दाढेतलंही तेच." म्हणजे विशीतल्या पोरीनं बोटाच्या टोकावर ओढवून घेतलेली अ‍ॅलर्जी साठीत दंतवैद्याकडे, हाडांच्या डॉक्टरकडे आठवणीनं सांगावी लागते. काकूंनी एकदा गुडघ्याकडे पाहिलं, एकदा वहिनींच्या लाल नखांकडे, आणि प्रथमच काही बोलल्या नाहीत.

किरणांची भीती तेवढी मोठी नाही, पण खोटीही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशी अशा दिव्याखाली ठेवल्या; वीस मिनिटांच्या एका फेरीतच २० ते ३० टक्के पेशी मेल्या. पेशी बशीतल्या होत्या, जिवंत हातावरच्या नव्हेत, आणि घरी कोणी सलग वीस मिनिटं हात ठेवत नाही. तरी बोटांची टोकं कापलेले जुने हातमोजे घालायला पैसे लागत नाहीत. ते नसले तर आधी हातांना सनस्क्रीन लावावं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञही हेच सुचवतात.

वहिनींची खरी तक्रार मात्र हळदीची. फिकट गुलाबी टॉप कोट, आणि दुसऱ्याच दिवशी वरणाला फोडणी दिली, बोटं पिवळीजर्द. पुन्हा लॅम्प काढणार होत्या. त्याची गरज नव्हती. हळदीचा रंग उन्हात विटतो. साबणानं धुऊन सकाळच्या उन्हात भिंतीवर हात टेकवून उभं राहिलं की पुष्कळसा जातो. गप्पांना तेवढा वेळ लागतोच.

माझा निकाल: वहिनींनी घरी करावं, पण नखाच्या कडेला केसाएवढी जागा सोडून, आणि जेल कातडीला लागलं तर दिव्याखाली हात घालण्याआधी काडीनं पुसून. मैत्रिणींची नखं रंगवायचा उद्योग अजिबात नको, दुसऱ्याच्या बोटांची जबाबदारी घ्यायची नाही. आणि तुमच्यापैकी कोणी घरी करत असाल आणि नखाच्या कडेला खाज सुटली, पापणी सुजली, तर ब्रँड बदलून पाहू नका. थांबा, त्वचेच्या डॉक्टरकडे जा, आणि जाताना बाटली तिच्या खोक्यासकट सोबत न्या; आत काय काय आहे त्याची यादी खोक्यावर असते आणि आपण ते पहिल्याच दिवशी फेकून देतो.