मजला बघून माणूस

म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टण तालुक्यात बायलकुप्पे आहे. 1960 साली म्हैसूर सरकारनं तिथली सुमारे तीन हजार एकर जमीन तिबेटी निर्वासितांना वसायला दिली. जंगल होतं, हत्ती होते, हाल तर होतेच. पण हिमालय ओलांडून आलेल्या माणसाला लाइट बिल दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. इतका भोंगळ कारभार!

मुंबईत तसं चालत नाही. झोपडी 1 जानेवारी 2000 च्या आधीची असेल तर घर मोफत. 2011 च्या आरंभापर्यंतची असेल तर अडीच लाख मोजा. त्यानंतर आलात? मग तुम्ही माणूस नव्हे, अतिक्रमण.

धारावीच्या पुनर्विकासात तर हे शास्त्र फारच पुढे गेलंय. तिथं तारखेच्या जोडीला मजलाही बघतात. तळमजल्यावरचा जुना रहिवासी पात्र, त्याला धारावीतच साडेतीनशे चौरस फूट. त्याच्या डोक्यावर, लोखंडी शिडीनं वर चढून झोपणारा धाकटा भाऊ मात्र धारावीच्या बाहेर, तेही भाडेखरेदीनं. गुरुत्वाकर्षणाचा असा उपयोग न्यूटनलाही सुचला नसता.

आता बाहेर म्हणजे कुठं, असं विचारू नये. तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांनाही बाहेरच नेलं होतं, माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी. पक्कं घर मिळालं, वर खोकला मोफत. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं, तिथं कुणाला पाठवू नका, त्यापेक्षा महिना पंधरा हजार भाडं द्या.

जे नशीबवान जागच्या जागी राहतात, त्यांच्यासाठी झोपडपट्टी पुनर्वसनाची, म्हणजे 'झोपु'ची इमारत. एकाच भूखंडावर पुढं विक्रीचा टॉवर, मागं पुनर्वसनाची इमारत, मधे भिंत. टॉवरमधल्यांना शेजार निवडून लागतो. आपल्याच समाजाची सोसायटी काढायला सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच, अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, मुभा दिली आहे. मटण खाणाऱ्याला घर नाकारायला तर कोर्टाचीही गरज पडत नाही. दलाल फोनवरच आडनाव विचारून घेतो.

पण टॉवरमधली भांडी घासायला मावशी मागच्याच इमारतीतून येतात. भिंतीला वळसा घालून पुढच्या गेटवर आल्या, की वहीत नाव, वेळ, सही. 'कुठून आलात' या रकान्यात वॉचमन रोज याच सोसायटीचा पत्ता लिहितो. तो मावशींच्याच मजल्यावर राहतो.