'ऑनलाइनच तर आहे' : डोंबिवलीहून स्लाऊला गेलेली उद्योजिका

घरगुती ऑनलाइन उद्योजिका हा महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गातील एक सुप्रतिष्ठित सामाजिक प्रकार असून, २०२० च्या टाळेबंदीत या प्रकाराची संख्या आणि आत्मविश्वास ही दोन्ही लक्षणीयरीत्या वाढली. या उद्योजिकेला दुकान नसते, पाटी नसते आणि गल्लाही नसतो. तिच्यापाशी असतो तो व्हॉट्सॲपच्या व्यवसायखात्यावरचा कॅटलॉग, म्हणजे मालाचे फोटो व भाव दाखवणारी यादी, क्यूआर कोडचा एक छापील चौकोन, आणि हॉलमधल्या दिवाणाखाली सरकवलेले पार्सलचे खोके, जे पाहुणे आले की आणखी आत सरकवले जातात. डोंबिवलीत आढळणाऱ्या नमुन्याचा माल गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची व चकलीची भाजणी आणि दिवाळीचा फराळ असा असतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र या प्रकाराचा एक पोटप्रकार आहे : जिच्या पतीला परदेशी नोकरी मिळते आणि जी आपला चालता व्यवसाय सोबत घेऊन जाऊ पाहते, ती उद्योजिका.

या पोटप्रकाराची उत्पत्ती एका वाक्यातून होते. पतीचा ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे तेथील मान्यताप्राप्त मालकाने पुरस्कृत केलेल्या कुशल कर्मचाऱ्याला मिळणारा परवाना, हाती पडला की, "तुझं काय, ऑनलाइनच तर आहे, कुठूनही होईल," असे तो सहज म्हणतो, आणि नवल असे की तीही ते मान्य करते. त्याचे स्वतःचे काम दिवसभर लॅपटॉपवरच चालत असले, तरी ते डोंबिवलीतून करता येईल की काय, हा प्रश्न घरात कोणीही काढत नाही.

वास्तविक हा व्यवसाय मोबाइलवर केवळ दिसतो. घडतो तो इमारतीच्या आगेमागे चार गल्ल्यांत. ऑर्डर लिहून घेणे आणि फोटो काढणे हे काम उद्योजिकेचे असले, तरी भाजणीचे धान्य धुऊन सावलीत वाळवणे, मंद आचेवर एकेक डाळ वेगळी भाजणे आणि रंग व वास यांवरून 'आता पुरे' असा निर्णय देणे, हे सर्वस्वी सासूबाईंचे अधिकारक्षेत्र असते. चकलीची भाजणी किती बारीक आणि थालीपिठाची किती रवाळ दळायची हे गिरणीवाल्याला सांगावे लागत नाही, आणि आपल्या आधी त्याने कोणाचे दळण टाकले होते यावरून त्याच्याशी वाद घालण्याचा हक्कही सासूबाईंनी स्वतःकडेच राखून ठेवलेला असतो. पार्सलांवर पत्ते लिहिण्याचे काम सासरे करतात, कारण त्यांचे अक्षर बँकेतल्या नोकरीपासून वळणदार म्हणून प्रसिद्ध असते. आणि कुरिअरचा मुलगा 'मावशी, आज किती?' असे विचारत लिफ्ट बंद असली तरी चौथ्या मजल्यावर येतो. या सगळ्यांना उद्योजिका आपल्या पोस्टमध्ये 'माझी सपोर्ट सिस्टिम' म्हणते. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांच्यापैकी कोणाचेही नाव सापडत नाही.

या व्यवसायाची खरी मालमत्ता म्हणजे तिचा मोबाइल क्रमांक. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पोहोचवणाऱ्या यादीत, जास्तीत जास्त २५६ नावे घालता येतात, आणि तो निरोपही ज्यांनी तिचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच जातो. त्यामुळे क्रमांक बदलणे म्हणजे वर्षानुवर्षे 'ताई, नंबर सेव्ह करून ठेवा हं' असे विनवून जमवलेली गिऱ्हाइके एका दिवसात गमावणे होय. म्हणून सिमकार्ड जिवंत ठेवले जाते, आणि परदेशात ते बंद पडेल या धास्तीने एका जुन्या फोनमध्ये घालून डोंबिवलीच्या घरातील फ्रिजवर त्याची स्थापना केली जाते. बँकेचा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा व काही मिनिटांतच निकामी होणारा अंकी संकेत, यापुढे फ्रिजवर येतो. स्लाऊमधून सुनेचा व्हिडिओ कॉल आला की सासूबाई तो वाचू लागतात आणि, "चार, शून्य, पुढे सहा आहे की आठ… थांब गं, चष्मा आणते," या टप्प्यावर त्याची मुदत संपते. ओटीपी कोणालाही सांगू नये असे बँका परोपरीने बजावत असतात, पण नियम करणाऱ्यांनी सासूबाई या संस्थेचा विचार केलेला नाही हे उघड आहे.

खुद्द बँकेचे प्रकरण याहून गंभीर असते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यान्वये, ज्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फेमा' म्हणतात, नोकरीधंद्यासाठी किंवा अनिश्चित काळासाठी देशाबाहेर राहायला गेलेल्या व्यक्तीला आपले नेहमीचे खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावे लागते. आणि परदेशी गिऱ्हाइकांकडून पैसे घेण्यासाठी उघडलेल्या पेपलसारख्या खात्याचा देश तर बदलताच येत नाही, ते बंद करून नव्या देशात नवे उघडावे लागते. आपले बिऱ्हाड हलले तरी आपले पैसे अजून डोंबिवलीकर आहेत, हा शोध उद्योजिकेला येथे लागतो.

सामानाचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटतो. घरघंटी, म्हणजे घरात ठेवायची विजेवरची छोटी गिरणी, विमानाच्या २३ किलोंच्या बॅगेत बसत नाही. पेढे आणि तूप हे दुधाचे पदार्थ असल्याने भारतातून ब्रिटनमध्ये स्वतःच्या खाण्यासाठीही नेता येत नाहीत. आणि विक्रीसाठी नेलेला मसाला वैयक्तिक सामानात मोडत नाही. परिणामी व्यवसायापैकी प्रत्यक्ष विमानात चढतात त्या दोन वस्तू : चकलीचा पितळी सोऱ्या आणि लोगो छापलेल्या स्टिकरांचा गठ्ठा, ज्यावर अर्थातच डोंबिवलीचा पत्ता असतो.

स्लाऊ हे लंडनच्या पश्चिमेला असलेले गाव, भारतीय वंशाच्या वस्तीमुळे तेथे कढीपत्ता आणि कुकरची रिंग मिळण्याची अडचण नाही. कायदाही उद्योजिकेच्या बाजूने असतो : स्किल्ड वर्करच्या आश्रित जोडीदाराला नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करण्याची मुभा असल्याने, पती मालकाशी बांधलेला आणि आश्रित म्हणून नोंदलेली पत्नी मोकळी, असा चमत्कार घडतो. अमेरिकेत एच-फोर व्हिसावर गेलेल्या तिच्या जावेला हे भाग्य सरसकट लाभत नाही; तेथे २०१५ पासून ठरावीक अटींत बसणाऱ्या जोडीदारांनाच कामाचा वेगळा परवाना मिळू शकतो. ब्रिटनमध्ये घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्याने व्यवसाय सुरू करण्याच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे, म्हणजे तेथील नगरपालिकेकडे, नोंदणी करायची असते. या नोंदणीला शुल्क नसते आणि ती नाकारलीही जात नाही. नेमक्या याच दोन गोष्टींमुळे उद्योजिका अस्वस्थ होते, कारण पैसे न घेता आणि हेलपाटे न घालता झालेले सरकारी काम पक्के असते, यावर तिचा विश्वास बसत नाही, आणि ती सर्व कागदांच्या तीन-तीन प्रती काढून, स्वाक्षांकित करून फायलीत लावून ठेवते. त्या प्रती अखेरपर्यंत कोणीही मागत नाही.

खरी परीक्षा लेबलाची. ब्रिटनच्या कायद्याने १४ पदार्थ ॲलर्जिकारक, म्हणजे काही व्यक्तींच्या शरीराला अपायकारक प्रतिक्रिया देणारे, ठरवले असून, वेष्टनावरील घटकांच्या यादीत ते ठळकपणे उठून दिसले पाहिजेत असा दंडक आहे. या चौदांत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, मोहरी आहे, दूध आहे, काजू-बदाम आहेत आणि गहू आहे. थोडक्यात, महाराष्ट्रीय पाककलेचा पाया कायद्याच्या नजरेत संशयित आहे. चिवड्याचे लेबल तयार करताना उद्योजिका शेंगदाणे ठळक करते, काजू ठळक करते, तीळ व मोहरी ठळक करते, आणि हिंगापाशी येऊन थांबते. कारण बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, ही गोष्ट आजवर तिने डबीवर कधी वाचलेलीच नसते. खोबरे तेवढे या यादीतून निर्दोष सुटते. गोड्या मसाल्याच्या वेळी आणखी एक पेच पडतो : त्यातील दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून दगडांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे लायकेन, इंग्रजीत कसे लिहावे हे तिला उमगत नाही, आणि उमगल्यावर ते लिहावेसे वाटत नाही.

नोंदणीनंतर कौन्सिलचा पर्यावरण आरोग्य अधिकारी स्वयंपाकघर पाहायला येतो. अधिकारी येणार म्हटल्यावर चहा, पोहे आणि निघताना हातात फराळाचा डबा ही तयारी झालेली असते; तो मात्र पाण्याच्या पेल्यापलीकडे काही घेत नाही आणि भाजणी किती वेळ भाजता, असे विचारतो. "खमंग वास येईपर्यंत," हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या अचूक ठरलेले असले, तरी त्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो. तेव्हा अन्नसुरक्षेची कार्यपद्धती लिहून ठेवण्यासाठी उद्योजिका डोंबिवलीला फोन लावते, आणि सासूबाईंचे 'अंदाजे', 'बेताने' व 'हाताला कळतं गं' हे एका रविवारी मिनिटांत आणि अंशांत उतरवले जाते. प्रात्यक्षिक म्हणून ती मिरच्या भाजायला घेते आणि छताचा धूरसूचक गजर किंचाळू लागतो. पती खुर्चीवर उभा राहून टॉवेल फिरवतो, आणि कुठूनही होईल असे आपण म्हणालो होतो याची आठवण त्याला करून दिली जाते. पुढे स्वच्छतेसाठी पाचपैकी पाच गुण मिळतात. ही वार्ता ऐकून सासूबाई एवढेच म्हणतात, "आपल्या ओट्याला मार्क द्यायला बाहेरचा माणूस कशाला लागतो?"

करांबाबत फार लिहिण्याजोगे नाही. व्यवसायातील पहिल्या १,००० पौंडांच्या वार्षिक उत्पन्नाला सूट असते, त्यापुढे गेल्यास नोंदणी करून विवरणपत्र भरायचे असते. आर्थिक वर्ष मात्र ६ एप्रिलला सुरू होते, कारण १७५२ मध्ये ब्रिटनने जुनी दिनदर्शिका टाकून नवी घेताना ११ दिवस गाळले आणि खजिन्याने ते गाळण्यास नकार दिला. अधिक मासाशी परिचित असलेल्या मराठी माणसाने या हिशेबाला हसण्याचे कारण नाही.

आता गिऱ्हाईक. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांच्या सणसमारंभांत आणि गावोगावच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत ते भरपूर भेटते, पण ते भारतातील गिऱ्हाइकाहून सोपे असते असे नाही. ते भाजणीचा पौंडातला भाव ऐकते, मनातल्या मनात शंभराहून अधिक रुपयांनी गुणते, डोळे विस्फारते, "आमची आई येताना आणते," असे सांगते, आणि दिवाळीच्या आठवड्यात, आई न आल्यामुळे, "ताई, एक किलो मिळेल का, अर्जंट आहे," असा निरोप पाठवते. जुनी गिऱ्हाइकेही सुटलेली नसतात, भारताचे घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असल्याने, डोंबिवलीच्या एखाद्या काकूंनी सकाळी सातला विचारलेला "अनारशाचं पीठ आहे का?" हा प्रश्न स्लाऊमध्ये रात्री दीड वाजता उगवतो.

यथावकाश हे निरोप परस्पर फ्रिजवरच्या फोनवर घेतले जाऊ लागतात. सासूबाई प्रथम उत्तरे बोलून पाठवतात, मग टाइप करू लागतात, मग भाव किलोमागे चाळीस रुपयांनी वाढवतात, जे करण्याचे धाडस सुनेला कधी झाले नव्हते, आणि एकही गिऱ्हाईक तुटत नाही. क्यूआर कोड त्यांच्या खात्याचा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नवी १४ अंकी नोंदणी त्यांच्या नावाने होते. सासऱ्यांना प्रथमच पत्त्यामागे पाच रुपये मिळू लागतात, आणि कॅटलॉगमधला सुनेचा फोटो जाऊन तेथे मेतकुटाचा येतो. सारांश, कागदोपत्री पाहता व्यवसायाचे स्थलांतर झालेलेच नाही : डोंबिवलीचा डोंबिवलीत सासूबाईंच्या नावाने चालू आहे, स्लाऊमध्ये सुनेच्या नावाने दुसरा निघाला आहे, आणि चकलीची ऑर्डर दोन्हीकडे दिवाळीच्या तीन आठवडे आधी द्यावी लागते.