भाडेकरू हप्ता भरतो!

(रंगमंचावर एक खुर्ची. हातात बँकेची फाईल.)

आमचे साडूभाऊ पगार घेतात पाटबंधारे खात्याचा आणि काम करतात लोकांना सल्ले द्यायचं.

(पोट पुढे काढून, साडूच्या आवाजात) "पाव्हणं, दुसरा फ्लॅट घ्या, भाड्यानं द्या. हप्ता कोण भरतो? भाडेकरू भरतो! आपण नुसती सही मारायची."

घेतला. पुनावळ्यात वन बीएचके, साडेबासष्ट लाख. बँकेचे 50, आपले साडेबारा. वर मुद्रांक शुल्क 7 टक्के. एकट्या बायकोच्या नावावर केला तर 1 टक्का सूट. पण मग मी तिच्या मेहेरबानीवर! (थांबून) आत्ता तरी काय वेगळं आहे म्हणा.

साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 43,391. भाडं 18,000.

(साडू) "भाडेकरू हप्ता भरतो!"

भरतो ना! महिन्याच्या 12 तारखेपर्यंतचा तो भरतो, पुढचा मी. दरमहा 25 हजार मोजून मी हिंजवडीतल्या एका परक्या पोराला गरम पाण्यानं आंघोळ घालतोय.

आणि सोसायटी! मी तिथं राहत नाही म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. लिफ्ट वापरत नाही, कचरा करत नाही, मीटिंगला भांडत नाही, त्याचा दंड! सरकारनं तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर अडवलाय म्हणून वाचलो, नाहीतर सेक्रेटरीनं न राहण्याबद्दल मला फाशीच दिली असती.

(साडू) "तोटा दाखवा की! टॅक्स वाचतो!"

वर्षाला 2 लाखांपर्यंतच, तोही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत पगारातून वजाच होत नाही. म्हणजे तोटाही ऐपतीबाहेर करायची सोय नाही.

(खुर्चीवर बसतो. आवाज उतरतो.) आमचे वडील गिरगावच्या चाळीत जन्मभर भाडेकरू. मालकाचा माणूस वसुलीला आला की वडील उभे राहायचे. हातातला चहा तसाच. मला लहानपणी वाटायचं, आपणही एकदा मालक व्हावं. कुणीतरी उठून उभं राहावं.

(ताडकन उठतो.) परवा गीझर बघायला गेलो. तो सोफ्यावर, लॅपटॉप मांडीवर. उभा मीच! वर म्हणतो, "अंकल, चप्पल बाहेर."

असो. मंडळी, त्याचे अकरा महिने या महिनाअखेर संपतायत. कुणाला हवाय का फ्लॅट? लग्न झालेले, न झालेले, मांजरवाले, बांगडा तळणारे, सगळे चालतील. डिपॉझिटचं बसून बोलू. बँक 5 तारखेला पैसे कापते. त्याआधी सांगा.